वहिवाट

गहू कमरेला लागत होता. जूनचा दुसरा आठवडा. ओंब्या भरल्या होत्या, पण शेत अजून हिरवंच होतं. गावातल्या अरुंद रस्त्यावरून आमचा वाटाड्या वळला आणि थेट त्या उभ्या पिकात शिरला. त्याच्यामागोमाग बाकीचेही शिरले. मी बांधावर थांबले. दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय घालू नये हे मला कुणी बसवून शिकवलेलं नाही, पण कोकणात वाढलेल्या माणसाच्या पायांनाच ते ठाऊक असतं. पुढे गेलेली मावसबहीण वळून म्हणाली, "ताई, ये ना. हा रस्ताच आहे."

रस्ता होता खरा. पिकाच्या मधोमध, या बांधापासून समोरच्या बांधापर्यंत, मीटरभर रुंदीचा मातीचा पट्टा मोकळा होता. पेरणीच्या वेळी तिथेही नांगर फिरला होता; मग शेतकऱ्यानेच तो दाबून पुन्हा मोकळा करून दिला होता. इंग्लंडचा कायदा त्याला तसं करायला लावतो. शेतातून आडवी जाणारी सार्वजनिक पायवाट नांगरली, तर १४ दिवसांच्या आत ती पूर्ववत करायची, किमान १ मीटर रुंद ठेवायची आणि तिच्यावर पीक वाढू द्यायचं नाही. जमीन त्याची, गहू त्याचा, पण त्या पट्ट्यावरून जाण्याचा हक्क चालणाऱ्याचा. चालणारा कोण, कुठला, कशाला आला, हे कुणी विचारायचं नाही. त्या गावात जन्मलेल्या माणसाचा त्या वाटेवर जेवढा हक्क, तेवढाच रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या माझा. हे कळलं तेव्हा मी बांध उतरले. दोन्ही हातांना ओंब्या घासत होत्या. पुढचे सात दिवस मी जे पाहिलं ते अशाच पट्ट्यांवरून पाहिलं.

माझी मावसबहीण ३० वर्षांपासून बर्मिंगहॅमला आहे. परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिला चालण्याची गोडी लागली. "तू इथे ये आणि लंडन बघून परत जा, असं यंदा चालायचं नाही," तिने फोनवर बजावलं, "यंदा माझ्याबरोबर चालायला यायचं." म्हणून आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, एका जुन्या मोठ्या घरात सात रात्रींसाठी उतरलो. इंग्लंडमध्ये वाटाड्यासह चालण्याच्या सुट्टीची एक ठरलेली रीत आहे. मुक्काम एकाच घरात. रोज संध्याकाळी जेवणाआधी वाटाडे टेबलावर नकाशा पसरून उद्याच्या तीन वाटा समजावतात: एक सोपी, एक मधली, एक अवघड. किती किलोमीटर, किती चढ, कुठे चिखल, कुठे चहा मिळेल. ज्याने त्याने आपल्या गुडघ्यांना विचारून निवडायचं. दुसऱ्या दिवशीच्या शिदोरीत काय हवं त्याची खूण एका कागदावर करायची. सकाळी निघायचं, पुढे वाटाडा, आणि सगळ्यांत शेवटी एक नेमलेला माणूस, ज्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. सह्याद्रीत ट्रेकला गेलेल्या कुणालाही यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. बूट काढून ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला मात्र त्या घरात एक स्वतंत्र गरम खोली होती. पहिल्याच दिवशी पावसाने झोडपल्यावर त्या खोलीचं मोल कळलं.

आमचा वाटाड्या सत्तरीच्या आसपासचा, निवृत्त भूगोल शिक्षक. तो या कामाचा पगार घेत नव्हता. वर्षातले काही आठवडे स्वयंसेवक म्हणून लोकांना वाटा दाखवायच्या, बदल्यात राहणं-जेवण. त्याच्यासारखी शेकडो माणसं हे करतात, असं तो म्हणाला. मला हे नवल वाटलं, पण या सुट्टीचा जन्म कसा झाला हे ऐकल्यावर नवल उरलं नाही.

लँकेशायरमधल्या कोल्न या गिरणगावात टॉमस आर्थर लेनर्ड नावाचे पाद्री होते. वर्षातून एक आठवडा गावच्या सूतगिरण्या बंद राहत आणि सगळं गाव समुद्रकाठच्या गजबजलेल्या शहरांकडे धावे. वर्षभर पै-पै साठवलेली रक्कम त्या आठवड्यात नाचगाण्यात आणि दारूत संपे. माणूस गिरणीत परते तो अधिकच थकलेला. लेनर्ड यांना हे बघवेना. १८९१ च्या जून महिन्यात ते आपल्या प्रार्थनामंदिराच्या मंडळातल्या तिसेक कामगारांना घेऊन सरोवरांच्या प्रदेशात, अँबलसाइडला गेले. डोंगर चढायचे, दिवसभर चालायचं, संध्याकाळी एकत्र बसून बोलायचं. त्यातून १८९३ मध्ये सहकारी तत्त्वावर चालणारी सुट्ट्यांची संस्था उभी राहिली, आणि १९१३ मध्ये त्यांनीच आणखी एक, 'हॉलिडे फेलोशिप'. ती आजही लोकांना चालायला नेते. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात वऱ्हाड-खानदेशचा कापूस ज्या लँकेशायरच्या गिरण्यांकडे रवाना होत होता, तिथल्याच कामगारांच्या पुढच्या पिढीने ही सुट्टी घडवली. आज या सुट्ट्यांना जाणारे बहुतेक लोक मध्यमवर्गीय आणि निवृत्त असतात. आमच्या गटातही तसंच होतं. पण त्या नकाशाच्या टेबलाभोवती, त्या एकाच लांब पंगतीत अजूनही गिरणीकामगारांच्या त्या सहलीचं काहीतरी शिल्लक आहे असं मला वाटलं. जेवायला रोज वेगळ्या माणसाशेजारी बसायचं, हा तिथला अलिखित नियम होता.

लाइम रीजिसला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. उतारावर वसलेलं छोटं बंदर, समुद्रात वाकडा हात टाकावा तसा जुना दगडी धक्का, त्याचं नाव कॉब. गावातले रस्त्यावरचे दिवे अमोनाइटच्या आकाराचे आहेत. अमोनाइट म्हणजे चक्राकार शंखाचा, कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेला समुद्रजीव. नेपाळच्या गंडकी नदीत मिळणारा शाळिग्राम म्हणजे याच जिवाचा दगड झालेला ठसा. आमच्या देवघरातला शाळिग्राम मी लहानपणापासून हाताळला आहे. चारमथच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाटाड्याने वाळूतून एक काळा गोटा उचलला, दुसऱ्या दगडाने अलगद ठोकला आणि तो दुभंगून आतलं चक्र दिसलं, तेव्हा मी नकळत उजवा हात पुढे केला, तीर्थ घ्यायला करतो तसा.

या किनाऱ्याचे कडे चुनखडी आणि चिखलमातीच्या एकाआड एक थरांचे आहेत. मऊ थर पावसाने भिजतो, वरचा भार पेलत नाही आणि कडा घसरतो. दर हिवाळ्यात वादळं नवी दरड पाडतात आणि आतली हाडं उघडी करतात. याच दरडींखाली मेरी अ‍ॅनिंगचं आयुष्य गेलं. जन्म १७९९. वडील सुतार, ते १८१० मध्ये वारले तेव्हा घरात कर्ज होतं. किनाऱ्यावरचे जीवाश्म वेचून पर्यटकांना विकणं हाच चरितार्थ. १८११ मध्ये तिच्या भावाला एक अजस्र कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी मेरीने बाकीचा सांगाडा शोधून काढला. तो इक्थिओसॉर होता, माशासारखा दिसणारा समुद्री सरीसृप. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉरचा पहिला संपूर्ण सांगाडा मिळाला. विद्वान तिच्याकडून सांगाडे विकत घेत, तिच्या माहितीवर निबंध वाचत, आणि निबंधात बहुधा तिचं नाव नसे. लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतलं १९१९ मध्ये; मेरी १८४७ मध्येच गेली होती. १८३३ मध्ये दरड कोसळली तेव्हा ती थोडक्यात वाचली, तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. तिचा पुतळा गावात उभा राहिला तो २०२२ मध्ये, आणि त्याची सुरुवात एका शाळकरी मुलीच्या हट्टापासून झाली. पुतळ्यातली मेरी उभी नाही, चालते आहे. हातात हातोडी, घागऱ्याचा घेर वाऱ्याने मागे उडालेला, पायाशी ट्रे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. बाकीचे आइसक्रीमच्या रांगेत होते.

वाटाड्याने त्या किनाऱ्यावर तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय कड्याखाली जायचं नाही. कड्याच्या भिंतीला हात लावायचा नाही, खाली पडलेलंच वेचायचं. आणि काही विशेष सापडलं तर चारमथच्या केंद्रात नोंद करायची. साधा अमोनाइट मात्र ज्याला सापडेल त्याने घरी न्यावा. माझा आता देवघरात आहे, शाळिग्रामाशेजारी.

तिसऱ्या दिवशी गोल्डन कॅप. उंची १९१ मीटर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सर्वांत उंच ठिकाण. आकडा ऐकून राजगड-तोरणा केलेल्या माणसाला हसू येईल, मलाही आलं होतं. पण ही वाट समुद्रसपाटीला उतरते, चढते, पुन्हा उतरते. जिथे जिथे ओढा समुद्राला मिळतो तिथे खाली यायचं आणि पलीकडचा कडा चढायचा. या वाटेचं पूर्ण नाव 'साउथ वेस्ट कोस्ट पाथ'. सॉमरसेटमधल्या माइनहेडपासून डॉर्सेटमधल्या पूल बंदराच्या मुखापर्यंत १,०१४ किलोमीटर. सगळे चढ एकत्र केले तर सुमारे ३५,००० मीटर भरतात, म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट जवळजवळ चार वेळा. एवढे हेलकावे का, याचं उत्तर वाटेच्या जन्मात आहे. ही वाट तटरक्षकांच्या पायांनी पडली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फ्रान्सकडून ब्रँडी, तंबाखू, चहा चोरून उतरवला जाई. गस्त घालणाऱ्याला प्रत्येक खाच, प्रत्येक छोटी पुळण वरून दिसायला हवी, म्हणून वाट किनाऱ्याला चिकटून चालते. चोरांवर पाळत ठेवायला पडलेली वाट आता कुणाचीही आहे.

वर पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. माथ्यावरचा वालुकाश्म पिवळा. ऊन पडलं की तो सोन्यासारखा दिसतो, त्यावरून नाव. पूर्वेला चेझिल नावाचा गोट्यांचा पाषाणबंध क्षितिजापर्यंत गेलेला, पश्चिमेला लाइमचा उपसागर. कोकणात आपण ज्याला सडा म्हणतो तसाच मोकळा माळ, फक्त कातळाऐवजी गवत आणि गुलाबी रानफुलं. हा सगळा डोंगर नॅशनल ट्रस्टच्या मालकीचा आहे. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९६५ पासून वर्गणी काढून किनारे विकत घेण्याची मोहीम चालवली, म्हणून त्या माथ्यावर बंगले नाहीत.

पण ती वाट सरळ नव्हती. दोन ठिकाणी आम्हाला आत वळावं लागलं. जुन्या वाटेच्या तोंडावर अडसर आणि पलीकडे नुसती हवा. २०२१ च्या एप्रिलमध्ये सीटाऊनजवळ कड्याचा मोठा भाग समुद्रात गेला होता. मी विचारलं, वाट कोसळली की हक्कही कोसळतो का? वाटाड्या थांबला. त्याला हा प्रश्न आवडला असावा, कारण त्याने पाठीवरची पिशवी उतरवून नकाशा काढला. २००९ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला की इंग्लंडच्या संपूर्ण किनाऱ्याभोवती लोकांना चालता येईल अशी वाट आखायची. लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर. आता तिला राजे तिसरे चार्ल्स यांचं नाव दिलं आहे. या कायद्यात एक तरतूद आहे: कडा ढासळून मागे सरकला, तर वाटही त्याच्याबरोबर मागे सरकवता येते. समुद्र खात राहील, वाट आत येत राहील. हे ऐकून मला आपल्याकडच्या किनाऱ्यावरची अशी कितीतरी गावं आठवली, जिथे उधाणाने रस्ता नेला आणि मागच्या आवाराचं कुंपण जागचं हललं नाही.

नकाशावर त्याने बोट ठेवलं. १:२५,००० च्या त्या कागदावर हिरव्या तुटक रेषांचं जाळं होतं. प्रत्येक हिरवी तुटक रेषा म्हणजे चालण्याचा कायदेशीर हक्क. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर आहेत.

सिमंड्सबरी गावाजवळची वाट मी आयुष्यभर विसरणार नाही. तिचं नाव हेल लेन, म्हणजे नरकाची गल्ली, पण इतकी शांत जागा मी क्वचित पाहिली आहे. पिवळ्या मऊ वालुकाश्मात ती वाट इतकी खोल गेली आहे की दोन्ही बाजूंच्या भिंती डोक्याच्या कितीतरी वर राहतात. भिंतींवर नेचे, वर झाडांच्या मुळ्यांचं छत, ऊन गाळून आल्यासारखं हिरवं. ही वाट कुणी खणलेली नाही. शतकानुशतकं माणसं, गुरं, घोडे, गाड्या गेल्या, पाय आणि चाकं दगड झिजवत राहिले, झिजलेली वाळू दर पावसात वाहून गेली आणि वाट जमिनीत उतरत गेली. मी भिंतीला हात लावला तर बोटाला वाळू आली. चालणाऱ्यांनी जमिनीवर केलेली याहून मोठी सही मी पाहिलेली नाही.

तिथे ओंडक्यावर बसून शिदोरी खाताना मी वाटाड्याला आपला एक शब्द सांगितला: वहिवाट. वाहत्या राबत्याची वाट ती वहिवाट. लोक वर्षानुवर्षं जात राहिले म्हणून निर्माण झालेला हक्क. त्याने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. मग म्हणाला, आमचा कायदा नेमकं हेच सांगतो. १९८० च्या तिथल्या महामार्ग कायद्यानुसार एखाद्या वाटेवरून लोक २० वर्षं उघडपणे, बळजबरी न करता, परवानगी न मागता आणि खंड न पडता चालत राहिले, तर मालकाने ती लोकांना अर्पण केली असं मानलं जातं. मला माझ्या वकील वडिलांची कपाटातली पुस्तकं आठवली. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा. मुंबई इलाख्याला तो लागू झाला १८९१ मध्ये, ज्या वर्षी लेनर्ड आपल्या कामगारांना घेऊन अँबलसाइडला चालले होते. त्यातही २० वर्षं, त्यातही शांतपणे, उघडपणे, खंड न पडता. पण आपल्या कोर्टांत वर्षानुवर्षं जो वहिवाटीचा दावा ऐकू येतो तो बहुधा दोन शेजाऱ्यांमधला असतो: माझ्या शेताला तुझ्या बांधावरून वाट. तिथली वाट शेताला बांधलेली नाही, माणसाला बांधलेली आहे. जो दोन पायांवर उभा आहे त्या प्रत्येकाला.

हा हक्क त्यांना कुणी सुखासुखी दिलेला नाही. १९३२ च्या २४ एप्रिलला मँचेस्टरच्या परिसरातले काही शे तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या पठारावर चढून गेले. ते पठार बड्या जमीनदारांचं होतं आणि वर्षातले थोडे दिवस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं. एरवी तिथे राखणदार सोडून कुणी नाही, आणि खाली धुराने कोंडलेली शहरं. त्यांचा पुढारी बेनी रोथमन २० वर्षांचा होता. राखणदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली, पाच जणांना तुरुंगवास. त्या शिक्षांनी देश हलला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात प्रवेशाचा कायदा आला. त्याने प्रत्येक काउंटीला आपापल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. १९६५ मध्ये, त्याच २४ एप्रिल या तारखेला, पेनाइन वे ही पहिली राष्ट्रीय दीर्घवाट खुली झाली. डोंगर-माळांवर मोकळेपणी फिरण्याचा हक्क मिळायला मात्र २००० साल उजाडावं लागलं, आणि तोही इंग्लंडच्या जेमतेम ८ टक्के भूमीवर. २००२ मध्ये, त्या घटनेच्या सत्तराव्या वर्षी, डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळात घडलेल्या गोष्टीबद्दल जाहीर माफी मागितली.

वाटाड्या स्वतः या लढ्यातला एक शिपाई होता. १९४९ नंतरच्या नकाशांत कितीतरी जुन्या वाटा राहून गेल्या. २०२० मध्ये स्वयंसेवकांनी जुने नकाशे नव्यांशी ताडून पाहिले आणि अशा हरवलेल्या वाटा ४९,००० मैलांहून जास्त निघाल्या. त्या परत मिळवायच्या तर पुरावा लागतो. एक पुरावा कागदाचा: जुने नकाशे, दप्तरं. दुसरा माणसांचा. गावातल्या म्हाताऱ्यांकडे जायचं आणि त्यांच्या तोंडून लिहून घ्यायचं: कधीपासून चालता, किती वेळा, कशासाठी, कुणी अडवलं का. त्यासाठी छापील तक्ते असतात. त्याने असे तक्ते शेकड्यांनी भरून घेतले होते. "लोक म्हणतात, यात लिहिण्यासारखं काय आहे," तो म्हणाला. "मी त्यांना सांगतो, दुधाला जायचात ना, तेच लिहा."

चेझिलच्या पाषाणबंधावर आम्ही एक दुपार काढली. २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा बांध, एका टोकाला वाटाण्याएवढे, पोर्टलंडच्या टोकाला मुठीएवढे. अंधारात किनाऱ्याला लागलेला कोळी गोटा हातात घेऊन आपण कुठे आलो ते ओळखतो, असं तिथे सांगतात. त्यावरून चालणं मात्र पोटऱ्यांचा अंत बघणारं आहे, आणि तिथे मी वाटाड्याला काही विचारलं नाही.

लुलवर्थच्या खाडीचं सौंदर्य छायाचित्रांतून सगळ्यांना माहीत आहे. समुद्राने कठीण दगडाची भिंत फोडली, मागची मऊ माती खाल्ली आणि पाठच्या पांढऱ्या खडूच्या डोंगराशी तो अडला. म्हणून ती खाडी जवळजवळ पुरी गोल आहे. त्या खडूच्या डोंगरावर बसून वाटाड्याने वर्षं मोजून दाखवली. खडूचे थर साधारण १० ते ७ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचले. मी मनात पुढचं वाक्य जोडलं: आणि आमचा सह्याद्रीचा काळा पाषाण तप्त रसाच्या रूपात ओतला गेला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. हा किनारा ज्या पानावर थांबतो, त्याच्या पुढच्या पानावर आमचा घाट सुरू होतो.

लुलवर्थच्या पूर्वेला लाल निशाण असतं. ते वर चढलेलं असलं की वाट बंद. तो लष्कराचा रणगाड्यांच्या गोळीबाराचा सराव-प्रदेश आहे, बहुतेक शनिवार-रविवारी तेवढा लोकांना खुला होतो. आम्ही शनिवारी गेलो. पिवळ्या खांबांच्या मधूनच चालायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही, न फुटलेले गोळे असतात. त्या वाटेने आम्ही टाइनहॅमला उतरलो.

टाइनहॅम हे गाव १९४३ च्या डिसेंबरमध्ये रिकामं झालं. युरोपवरच्या चढाईच्या तयारीसाठी लष्कराला जमीन हवी होती. गाव आणि आसपासची वस्ती मिळून सव्वादोनशेच्या आसपास माणसांना काही आठवड्यांची मुदत मिळाली. नाताळाच्या आधी ती गेली. जाताना कुणीतरी चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली: देवळाला आणि घरांना जपा, आम्ही एक दिवस परत येऊ. युद्ध संपलं. १९४८ मध्ये सरकारने ती जमीन कायमची ताब्यात घेतली आणि कुणीही परत आलं नाही.

घरांच्या भिंती उभ्या आहेत, छपरं नाहीत. चुलीच्या कोनाड्यात झाडं उगवली आहेत. टपाल कचेरीच्या दारात टेलिफोनची जुनी पेटी. शाळेची खोली मात्र दुरुस्त करून ठेवली आहे. लाकडी बाकं आहेत, बाकांवर मुलांच्या वह्या आहेत. मावसबहीण एका बाकावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. तिचं सासर कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एका गावचं. सासूबाई उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळाचा कळस दिसतो का ते बघायला जात, असं ती मला पूर्वी म्हणाली होती. त्या दिवशी मात्र ती काही बोलली नाही. परतताना चढावर थांबून तिने एवढंच विचारलं, "ताई, या गावात येणाऱ्या वाटा कुठल्या असतील?" वाटाड्याने आजूबाजूच्या गवतातले दोन-तीन खोलगट पट्टे दाखवले. पाय थांबून ऐंशी वर्षं झाली होती, तरी जमिनीला ते आठवत होते.

मी घरी आले. घटस्थापनेच्या सुमाराला मामांकडे गेले, गुहागर तालुक्यातल्या गावी. वाडीतून समुद्राकडे उतरणारी जांभ्याची पाखाडी आहे. लहानपणी तिच्या शंभरावर पायऱ्या आम्ही पळत उतरत असू. पाच-सहा वर्षांपूर्वी खालच्या बागा विकल्या गेल्या. आता पाखाडीच्या शेवटच्या वळणावर चिऱ्याची भिंत आहे, तिला लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. शेजारच्या आजी मासळी आणायला डांबरी रस्त्याने वळसा घालून जातात. पायात चपला, डोक्यावर ऊन. अडीच किलोमीटर जाऊन, अडीच किलोमीटर परत. कुणी काही म्हणालं नाही का, असं मी मामांना विचारलं. "कुणाला म्हणायचं? आणि काय म्हणायचं?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढली. दोन खेपा झाल्या, पण मिळाली. ओट्यावर पसरून चारी कोपऱ्यांवर नारळ ठेवले. मामांनी चष्मा लावला. आपल्या गाव नकाशांत दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. आमच्या वाडीपासून एक एकेरी तुटक रेषा निघत होती, दोन आगरांच्या मधून, थेट पुळणीपर्यंत. मामांचं बोट तिच्यावरून हळूहळू गेलं आणि भिंत आहे त्या जागी थांबलं. नकाशात तिथे भिंत नव्हती.

मी घरातून एक कोरी वही आणली. रेघा मारून चार रकाने केले: नाव, कधीपासून, किती वेळा, कशासाठी. आजींना हाक मारली. त्या पदर सावरत ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अगो, त्यात काय लिहायचं?"

पहिली नोंद त्यांची आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून. रोज. मासळीला.